रांगेचे मोल

भाचेसुनेच्या बाळंतपणाच्या निमित्ताने २०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयतां ग्वाल्हेरहून निघालो आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात भाच्याच्या घरी दाखल झालो. दाराबाहेर गुडघाभर बर्फ, घरात नव्या पाहुण्याची वाट पाहणे आणि दुपारची झोप येत नाही म्हणून खिडकीत बसून समोरची घरे न्याहाळणे, असा आमचा दिनक्रम होता. बाळ जन्मले, बाराव्या दिवसाची तयारी सुरू झाली, आणि पाळणा टांगायचा कशाला हा प्रश्न उभा राहिला. तेथील घरांना आपल्यासारख्या कड्या नसतात. तेव्हा समोरच्या घरातले चौसष्ट वर्षांचे गृहस्थ मदतीला धावून आले. व्यवसायाने ते सुतार. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, छतामागची तुळई हुडकली आणि पाळण्याचे वजन विचारून घेऊन एक भक्कम कडी बसवून दिली. पैसे घेईनात, म्हणून आमच्याकडून बेसनाचे लाडू गेले. तेथून येणे-जाणे सुरू झाले.

एके संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तो स्वयंपाकघरातल्या मेजावर कागदांचा पसारा मांडलेला. नकाशे, छापील पुस्तिका, बँकेचे हिशेब आणि दोन जुन्या वह्या. आम्हाला वाटले, प्राप्तिकराचे काम चालू आहे. ते हसून म्हणाले, “कर नव्हे, पण कराहून फार कमीही नव्हे. हे शिकारीचे अर्ज आहेत.”

शिकारीसाठी अर्ज, अर्जासाठी पैसे, आणि तेही शिकार मिळेलच अशी खात्री नसताना! आमचे कुतूहल जागे झाले. पुढच्या चार-पाच महिन्यांत त्या मेजाशी बसून आम्ही जे ऐकले, पाहिले आणि मागाहून वाचून पडताळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही शिकारीचे समर्थक नव्हे, आणि आमच्या वाचकांपैकीही बहुतेक नसतील. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषयच मिटवला. पण या हिशेबात शिकारीपेक्षा मोठे असे काही आहे, असे आम्हाला वाटले.

जनावर कोणाचे?

आमच्या ग्वाल्हेरकडच्या वडीलधाऱ्यांना ‘शिकारखाना’ हा शब्द नवा नाही. संस्थानी काळात ते एक स्वतंत्र खातेच असे. शिवपुरीच्या रानात वाघ कोणी मारावा, कोणत्या पाहुण्याने मारावा, हे दरबार ठरवी. पंचम जॉर्ज बादशहाच्या मुक्कामासाठी तेथे बांधलेली कोठी आजही उभी आहे. रान दरबारचे, जनावर दरबारचे. रयतेच्या वाट्याला फार तर हाकाऱ्याचे काम.

अमेरिकेने या गोष्टीत जाणूनबुजून उलटी वाट धरली. इंग्लंडातील राजाच्या राखीव रानांची आठवण तेथल्या वसाहतवाल्यांच्या मनात ताजी होती. म्हणून तेथे तत्त्व रूढ झाले ते असे की, रानातले जनावर जमीनमालकाचे नव्हे आणि राजाचेही नव्हे. ते त्या राज्याच्या जनतेचे, आणि राज्य त्याचे विश्वस्त.

तत्त्व चांगले, पण आरंभी त्याने अनर्थच केला. जनावर सर्वांचे म्हणजे कोणाचेच नाही, असे होऊन एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली. कोट्यवधी रानगवे होते, ते शतकाअखेर शेकड्यांवर आले. आभाळ झाकून टाकणारी प्रवासी कबुतरे पार नष्ट झाली. त्यांतले शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. आपल्या सांबराचा थोरला भाऊ शोभेल असा एल्क नावाचा मृग तेथे आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सबंध खंडात त्यांची संख्या एक लाखाच्याही खाली आली होती.

मग जाग आली. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी झाली. राज्याराज्यांत वन्यजीव खाती उभी राहिली, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ मध्ये लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. आज एल्कची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. हे रक्षण सरकारी तिजोरीतून कमी आणि शिकाऱ्याच्या खिशातून अधिक झाले, हे शिकारीचा तिटकारा असणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे.

आता ‘टॅग’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. परवानाधारकाला एक क्रमांकित चिठ्ठी मिळते. जनावर पडले की ती त्याला बांधावयाची. एक चिठ्ठी, एक जनावर. अमुक डोंगर, अमुक आठवडे, नर की मादी, हेही ठरलेले. कोणत्या डोंगरात किती चिठ्ठ्या द्यावयाच्या हे खाते दरवर्षी कळपांची मोजदाद करून ठरवते. चिठ्ठ्या शंभर आणि मागणारे हजार झाले की सोडत काढावी लागते. आणि ‘जनावर त्या राज्याच्या जनतेचे’ हे एकदा मान्य झाले की, सोडतीत घरचा पुढे आणि बाहेरचा मागे, हेही ओघानेच आले.

बाहेरच्याचा हिशेब

आमच्या सुतारबुवांना स्वतःच्या राज्यात पांढऱ्या शेपटीचे हरीण थोडक्या पैशांत मिळते. परंतु एल्क आणि वळणदार शिंगांचा डोंगरी मेंढा हे पश्चिमेकडच्या पर्वतराजीतले रहिवासी. वायोमिंग, ॲरिझोना, नेव्हाडा, आयडाहो, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो: या राज्यांत सुतारबुवा परके. तेथील रानांचा मोठा भाग केंद्र सरकारचा, म्हणजे सर्व अमेरिकनांच्या मालकीचा आहे. “जमीन माझी आहे,” ते म्हणाले, “तिच्यावर मी तंबू ठोकू शकतो, दिवसभर हिंडू शकतो. पण तिच्यावर चरणारे जनावर माझे नाही.”

वायोमिंगमध्ये त्या वर्षी तेथल्या रहिवाशाला एल्कची चिठ्ठी ५७ डॉलरला पडत होती आणि बाहेरच्याला ६९२ डॉलरला. म्हणजे बारा पटींनी. पण हा भाव चिठ्ठी मिळाल्यावरचा. आमचे लक्ष वेधले ते न मिळाल्यावरच्या खर्चाने.

वहीतले आकडे असे होते. वायोमिंग: अर्जशुल्क १५ डॉलर आणि चिठ्ठी न मिळाल्यास पुढच्या वर्षासाठी ‘गुण’ हवा असेल तर ५२ डॉलर. ॲरिझोना: अर्ज करण्यापूर्वी १६० डॉलरचा साधा परवाना घ्यावाच लागतो, शिवाय दर जनावरामागे १५ डॉलर अर्जशुल्क. नेव्हाडा: १५५ डॉलरचा परवाना आणि एल्कच्या अर्जाचे १५ डॉलर. आयडाहो: १८५ डॉलरचा परवाना आणि १८ डॉलर अर्जशुल्क. या चार राज्यांत मिळून केवळ एल्कसाठी नाव घालावयाचे म्हणजे सहाशे डॉलरांच्या वर खर्च. डॉलरचा तेव्हाचा भाव ८३ रुपये धरला तर पन्नास हजार रुपये. यातला एकही पैसा परत येत नाही. त्या परवान्यावर सशा-पाखरांची शिकार करता येते, हे खरे. पण सशासाठी कोण हजार मैल जातो? कोलोरॅडोतही मोठ्या जनावराच्या अर्जापूर्वी टर्कीचा किंवा छोट्या शिकारीचा परवाना घ्यावा लागतो.

दुसरा खर्च अडकून पडलेल्या पैशाचा. काही राज्ये चिठ्ठीची पूर्ण किंमत अर्जाबरोबरच मागतात आणि सोडतीत नाव आले नाही तर परत करतात. वायोमिंगचे एल्कचे पैसे फेब्रुवारीत भरावयाचे आणि निकाल मे महिन्यात. त्याच राज्यात डोंगरी मेंढ्याची किंमत बाहेरच्याला सुमारे तीन हजार डॉलर, तीही आगाऊ. आयडाहोच्या मेंढ्याचे अडीच हजारांहून अधिक, तेही आगाऊ. एवढी रोकड सुताराच्या घरात कोठून असणार? ती क्रेडिट कार्डावर जाते आणि व्याज मुकाट्याने चढत राहते.

ही सर्व तारखांची जंत्री सांभाळणे हेही एक कामच. एका राज्याची मुदत फेब्रुवारीत, दुसऱ्याची मार्चमध्ये, तिसऱ्याची मेमध्ये. एक दिवस चुकला की वर्ष बुडाले. म्हणून पैसे घेऊन दुसऱ्याचे अर्ज भरून देणारे व्यावसायिकही तेथे आहेत. आपल्याकडे कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे अर्जनवीस आठवले.

त्यांच्या पत्नी कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, “या वहीतल्या पैशांत माझे स्वयंपाकघर नवे झाले असते. सुताराच्या घरातले स्वयंपाकघर, आणि कपाटाचे दार तीन वर्षे लोंबते आहे!” सुतारबुवांनी वही पुढे केली. वीस-बावीस वर्षांत निव्वळ अर्जांपायी गेलेली रक्कम त्यांनी शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती: सुमारे अकरा हजार डॉलर. म्हणजे आपले नऊ लाख रुपये. त्या बदल्यात दोनदा एल्कची चिठ्ठी आणि तीनदा प्राँगहॉर्नची. प्राँगहॉर्न म्हणजे तेथल्या गवताळ पठारावरचा, आपल्या काळविटाची आठवण देणारा चपळ प्राणी.

गुणांची शिडी

आता ‘गुण’ ही काय भानगड आहे, ते पाहू. सोडतीत वर्षानुवर्षे अपयश येणाऱ्याला धीर वाटावा म्हणून बहुतेक राज्यांनी एक युक्ती काढली. हरलात की एक गुण. पुढच्या वर्षी गुण जास्त, म्हणून संधी जास्त. हेतू न्यायाचा होता. पण प्रत्येक राज्याचा न्याय वेगळा.

कोलोरॅडोत सरळ रांग आहे: ज्याचे गुण अधिक, त्याला आधी. नेव्हाडात रांग नाही, चिठ्ठ्यांचे मडके आहे. पण गुणांचा वर्ग करून तितक्या चिठ्ठ्या घालतात. दहा गुणवाल्याच्या शंभरावर चिठ्ठ्या, एक गुणवाल्याच्या जेमतेम दोन. वायोमिंगने एल्कपुरते दोहोंचे मिश्रण केले आहे: पंचाहत्तर टक्के चिठ्ठ्या अधिक गुणवाल्यांना आणि पंचवीस टक्के निव्वळ नशिबावर. न्यू मेक्सिको आणि आयडाहो यांनी गुणांच्या भानगडीत पडावयाचेच नाही, असे ठरवले. तेथे दरवर्षी सगळे पुन्हा सारख्या पायरीवर.

या शिडीचा दोष असा की, ती चढणाऱ्यासमोर वाढत जाते. समजा, एका डोंगरात बाहेरच्यांसाठी दहा चिठ्ठ्या आहेत आणि आज सर्वांत जास्त गुण असलेले लोक दोनशे आहेत. सगळे त्याच चिठ्ठीच्या मागे लागले, तर त्यांना उरकायलाच वीस वर्षे लागणार. त्यांच्या मागच्या पायरीवर तीनशे, त्यांच्या मागे चारशे. खालच्या पायरीवरचा तरुण दरवर्षी एक पायरी चढतो खरा. पण त्याच्या वरची गर्दी त्या वेगाने हलत नाही. काही नावाजलेल्या रानांसाठी आज वीस-पंचवीस वर्षांचे गुण लागतात. विशीत नाव घालणाऱ्याची पाळी केव्हा येईल, याचे उत्तर कोणी देत नाही. पण त्याचे पैसे पहिल्या वर्षापासून घेतात.

आणि मध्येच थांबण्याची सोय नाही. वायोमिंग आणि नेव्हाडा या राज्यांत लागोपाठ दोन वर्षे नाव घातले नाही, तर साठलेले सारे गुण बुडतात. २००८ साली अमेरिकेत घरबांधणीचा धंदा बसला आणि सुतारबुवांच्या हाताला काम उरले नाही. त्या वर्षी त्यांनी अर्ज केला नाही. २००९ सालीही पैसे नव्हते. पण तेव्हा न भरते, तर आधीचे गुण गेले असते. “घराचा हप्ता थकला होता,” ते म्हणाले, “आणि मी थोरल्या भावाकडे हात पसरले ते मेंढ्याच्या गुणासाठी. बायकोला हे पुष्कळ वर्षांनी सांगितले.” त्यांच्या पत्नींनी मान हलवली. ते अजून पुरते विसरल्या नसाव्यात.

दुसरी वही

मेजावरची दुसरी वही त्या थोरल्या भावाची.

दोघा भावांचे एकत्र डोंगरात जावयाचे ठरले होते. थोरल्याने २००२ साली वायोमिंगच्या डोंगरी मेंढ्यासाठी नाव घातले. धाकट्याने २००५ साली. त्या राज्यात मेंढ्यासाठी गुणांची पद्धत १९९५ पासूनची. म्हणजे दोघेही रांगेत सात-दहा वर्षे उशिराच आलेले. थोरल्याच्या वहीत सुबक अक्षरांत एकाखाली एक ओळी आहेत: साल, भरलेली रक्कम, निकाल. निकालाच्या रकान्यात सतरा वेळा ‘नाही’. शेवटची ओळ २०१८ ची. पुढच्या हिवाळ्यात ते वारले.

त्या सतरा गुणांचे काय झाले, असे आम्ही विचारले. “काही नाही,” सुतारबुवा म्हणाले. गुण मुलाला देता येत नाहीत, भावाला देता येत नाहीत, विकता येत नाहीत. माणसाबरोबर ते संपतात. बँकेतल्या शंभर रुपयांनाही वारस असतो. सतरा वर्षांच्या रांगेला नाही.

थोरल्या भावाने एक गोष्ट पाहिली नाही, हे एका अर्थी बरेच. २०२२ साली वायोमिंगच्या विधिमंडळाने कायदा केला. तोवर मेंढ्याच्या चिठ्ठ्यांपैकी पंचवीस टक्के बाहेरच्यांना मिळत. त्या आता दहा टक्क्यांवर आणल्या आणि शुल्कही वाढवले. समजा, एका डोंगरात बारा चिठ्ठ्या निघत असतील, तर पूर्वी बाहेरच्यांच्या वाट्याला तीन येत, आता एक. इकडे ज्यांनी अठरा-वीस वर्षे पैसे भरून गुण साठवले होते, त्यांची रांग एका दिवसात दुपटीहून अधिक लांबली. गुणाची किंमत मात्र बाहेरच्याला मेंढ्यापुरती दरसाल १५० डॉलर राहिलीच.

वायोमिंगच्या लोकांची बाजूही ऐकावयास हवी. मेंढे थोडे, रोगाने कळपच्या कळप जातात. ज्यांच्या शेतांत बर्फाळ दिवसांत जनावरे उतरतात, ज्यांच्या मुलांनी तोच डोंगर रोज पाहिला आहे, त्यांनाही आयुष्यात एखादी चिठ्ठी मिळणे कठीण. आपल्या विहिरीचे पाणी आधी आपल्या घरात, असे त्यांनी म्हटले तर त्यात गैर काय? पण दुसरी गोष्टही तितकीच खरी की, खात्याची तिजोरी बाहेरच्यांच्या पैशांवर मोठ्या प्रमाणात चालते. मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाकडून कर घेणे सर्वांत सोपे असते, हे कोणत्याही विधिमंडळाला शिकवावे लागत नाही.

आणि ज्याच्याकडे पैसा आहे, त्याला रांगच नाही, हेही सांगितले पाहिजे. संवर्धनासाठी निधी म्हणून प्रत्येक राज्य एखाद-दुसरी चिठ्ठी लिलावात काढते. २०१३ साली माँटाना राज्याच्या मेंढ्याची एक चिठ्ठी ४ लाख ८० हजार डॉलरला गेली. तो पैसा मेंढ्यांच्याच कामी येतो, हे खरे. सुतारबुवांना त्याचा राग नाही. “त्याने एका संध्याकाळी दिले,” ते म्हणाले, “मी थोडे थोडे देतो. मेंढ्याला दोन्ही पोचते.”

न्यायालयाच्या दारी

हा भेदभाव घटनेला धरून आहे काय, हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे. आणि विचारणाऱ्यांत मिनेसोटाचेच काही शिकारी होते, याचा सुतारबुवांना मोठा अभिमान. माँटाना राज्यात १९७६ साली रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला नुसता एल्कचा परवाना देतच नसत. त्याला इतर जनावरांसह एकत्र परवाना २२५ डॉलरला घ्यावा लागे. ज्याला केवळ एल्क हवा, त्याला पंचवीसपट भुर्दंड. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, तो माँटानाच्या बाजूने. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात पोट भरण्याचा हक्क आहे, आणि तो राज्याला नाकारता येत नाही. पण करमणुकीसाठी एल्क मारणे हा काही तसा मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले.

पुढे ॲरिझोनातील बाहेरच्यांसाठीच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवर वाद झाला आणि २००२ साली एका वरिष्ठ न्यायालयाने ती संशयास्पद ठरवली. तेव्हा २००५ साली अमेरिकेच्या काँग्रेसनेच कायदा करून राज्यांचा हा अधिकार पुन्हा पक्का केला. तेव्हापासून बाहेरच्याला न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच आहे.

हे ऐकताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवत होती. हाच भाचा बारावी झाला, तेव्हा त्याला महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात घालावे असे घरात सर्वांच्या मनात होते. घरात बोली मराठी, देवघरात गणपती, पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात राहूनही सोयरीक पुण्या-साताऱ्याकडची. खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, “डोमिसाइल?” महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा दाखला आमच्याकडे कोठून येणार? “मग तुम्ही बाहेरचे,” असे अगदी शुद्ध मराठीत सांगून त्याने कागद परत केले. इकडे ग्वाल्हेरात आम्ही ‘मराठे’, तिकडे आम्ही बाहेरचे. त्या कारकुनाचा दोष नव्हता. महाराष्ट्रातल्या करदात्याच्या मुलाला आधी जागा, हा नियमही अन्यायाचा म्हणता येत नाही. पण नियम न्याय्य असला, तरी खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्याला तो कसा लागतो, हे तेथे उभे राहिल्यावाचून कळत नाही. आमचे वाचक तेथे कधी ना कधी उभे राहिले असतील.

आणि भाच्याचे तरी काय? अमेरिकेत कामाचा परवाना मिळवताना त्याचेही नाव सोडतीतूनच निघाले होते. कायमच्या वास्तव्याचा त्याचा अर्ज २०१५ सालचा. कोणत्याही एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून अधिक परवाने नाहीत, असा नियम. आणि भारतातून गेलेले अर्जदार अफाट. २०२४ च्या त्या वसंतात त्याच्या वर्गातल्या भारतीयांपैकी २०१२ साली अर्ज केलेल्यांचा विचार चालू होता. तारीख कधी महिनाभर पुढे सरके, कधी जागची हलत नसे. सुतारबुवांनी हे समजून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे तुलाही गुणांची रांग आहे तर!” तेव्हापासून दोघे एकमेकांना निकालाची तारीख विचारू लागले. रांगेतल्या माणसाची रांगेतल्या माणसाशी लवकर मैत्री जमते.

चौतीस डॉलर

मे महिन्यात मेंढ्याचा निकाल लागला: नाही. एल्कचाही: नाही. सुतारबुवांनी वहीत ओळ ओढली. त्यांचा मुलगा त्या दिवशी घरी होता. पंचविशीतला, विजेची कामे करणारा. त्याने विचारले, “बाबा, मीही आता मेंढ्यासाठी नाव घालू का?”

आम्हाला वाटले, बाप आनंदाने हो म्हणेल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझ्या काकाने आणि मी या रांगेत उभे राहून डोंगर पाहिला तो बहुतेक नकाशावर. तू रांगेत उभा राहायचे तर राहा. पण आधी रानात जा.”

आणि त्यांनी पुस्तिकेतले एक पान उघडले. मोठ्या शिंगांच्या नराच्या मागे सारे जग लागलेले असते. मादीसाठी गर्दी पुष्कळ कमी. वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नच्या मादीची चिठ्ठी बाहेरच्यालाही ३४ डॉलरला मिळत होती, अधिक अर्जाचे पंधरा. गुण लागत नाहीत. एल्कच्या मादीची किंमतही नराच्या निम्म्याहून कमी, २८८ डॉलर. भिंतीवर टांगायला शिंगे नाहीत. पण रान तेच, वारा तोच, मांसही तेच. आम्ही मनाशी हिशेब केला. वहीतल्या अकरा हजारांपैकी किती जनावरापायी गेले आणि किती शिंगांपायी?

अर्थात सुतारबुवांना आम्ही हे विचारले नाही. ज्याने भावाबरोबर एक डोंगर चढण्याचे ठरवले होते, त्याच्या त्या खर्चाचा हिशेब परक्याने करू नये, इतके आम्हाला कळते.

जूनमध्ये आम्ही ग्वाल्हेरला परतलो. त्याच महिन्यात प्राँगहॉर्नच्या सोडतीत मुलाचे नाव निघाले. ऑक्टोबरात बापलेक गाडीने वायोमिंगला गेले आणि तीन दिवसांनी परत आले. येताना भाच्याच्या घरी मांसाचे एक पुडके पोचते झाले. भाच्याने गोडा मसाला घालून त्याचा रस्सा केला. फोनवर म्हणाला, मटणाहून चवीला वेगळे, पण शिजायला वेळ लागत नाही. सुतारबुवांनी दोनदा मागून घेतला. बापाच्या गुडघ्यांनी या वेळी त्रास दिला, हेही त्याने सांगितले. पठारच होते, तरी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मेंढ्याचा अर्ज पुन्हा भरला. एकोणीस गुण झाले होते. थोरल्या भावाची वही अजून त्याच मेजाच्या खणात असते. कपाटाचे लोंबते दार मात्र त्यांनी त्या हिवाळ्यात बसवले, असे भाचेसून आमच्या गृहिणीला आवर्जून सांगत होती.